नियमशास्त्र आणि कृपा : ख्रिस्ती विचारातील एका वादाचे मूळ आणि विस्तार

ख्रिस्ती धर्माचा तौलनिक अभ्यास करू लागलेल्या आपल्याकडील वाचकाच्या मनात एक समीकरण सहसा अगोदरच तयार असते. यहूदी धर्म हा नियमांचा आणि ख्रिस्ती धर्म हा कृपेचा. पहिल्यात मनुष्य आज्ञा पाळून ईश्वराची मर्जी संपादन करतो, दुसऱ्यात ती त्याला काही न करता लाभते. हे समीकरण सुटसुटीत आहे आणि पाश्चात्त्य विद्यापीठांतूनही ते दीर्घकाळ शिकविले गेले. मात्र मूळ ग्रंथ उघडून बसले की ते टिकत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही असे दाखविण्याचा प्रयत्न करणार आहोत की, नियमशास्त्र आणि कृपा यांचा वाद प्रथम तीव्र झाला तो कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे या प्रश्नावर. एकट्या मनुष्याच्या उद्धाराची चिंता हे त्याला पुढे आलेले रूप होय. आणि त्या रूपांतराची झळ ज्यांना लागली ते यहूदी लोक वादात आपली बाजू मांडण्यास उपस्थित नव्हते.

प्रथम शब्दांचा विचार करणे अगत्याचे आहे. मराठी बायबलमध्ये ज्याला ‘नियमशास्त्र’ म्हटले आहे तो मूळ हिब्रू शब्द ‘तोरा’. त्याचा धात्वर्थ शिकवण, मार्ग दाखविणे असा आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून यहूदी धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले, तेव्हा ‘तोरा’साठी ‘नोमोस’ हा शब्द योजला गेला. ‘नोमोस’ म्हणजे कायदा किंवा रूढी. या एका निवडीने शिकवणुकीचा अर्थ मागे पडला आणि कायद्याचा अर्थ पुढे आला. ‘धम्म’ या शब्दाचे जुन्या इंग्रजी भाषांतरांत ‘लॉ’ झाले तेव्हा काय घडले हे आमच्या वाचकांस ठाऊक असल्यामुळे या मुद्द्यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

यहूदी आचार्यांच्या परंपरेनुसार तोरामध्ये ६१३ आज्ञा आहेत. २४८ विधी आणि ३६५ निषेध. संख्या पाहून वाचक दबून जातो. परंतु या आज्ञा कोणत्या क्रमाने आल्या हे पाहिले पाहिजे. ‘निर्गम’ या ग्रंथात इस्राएल लोकांची मिसर देशातील गुलामगिरीतून सुटका आधी होते आणि सीनाय पर्वतावर आज्ञा त्यानंतर मिळतात. दहा आज्ञांच्या आरंभीच या सुटकेचे स्मरण करून दिलेले आहे. म्हणजे मुक्त झालेल्या लोकांनी मुक्त म्हणून कसे राहावे हे सांगण्यासाठी आज्ञा आहेत. मुक्ती विकत घेण्यासाठी दिलेली ती किंमत नव्हे. शिवाय आज्ञाभंग होणारच हे गृहीत धरून प्रायश्चित्ताच्या दिवसाची तरतूदही त्याच नियमशास्त्रात, ‘लेवीय’ ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात आहे. दयेला जागा नसलेला कायदा असे तोराचे वर्णन करणे हे अज्ञान तरी आहे किंवा वादपटुत्व तरी.

‘कृपा’ या मराठी शब्दामागे ग्रीक ‘खारिस’ हा शब्द आहे. आज तो धार्मिक वाटत असला तरी पहिल्या शतकातील ग्रीक-रोमन जगात तो नित्य व्यवहारातला शब्द होता. धनिकाने नगराला बांधून दिलेले स्नानगृह, आश्रयदात्याने आश्रिताला दिलेली देणगी, त्यामागील सद्भाव आणि घेणाऱ्याने मानलेले आभार, हे सारे ‘खारिस’मध्ये येत असे. अशी देणगी पात्र पाहून द्यावी हा त्या काळचा शिष्टसंकेत होता. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने उपकारांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला असून दान घेणाऱ्याची निवड विचारपूर्वक करावी असे तो बजावतो. इंग्लंडमधील दरम विद्यापीठाचे अभ्यासक जॉन बार्कले यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘पॉल अँड द गिफ्ट’ या ग्रंथात नेमका हा धागा पकडला आहे. त्यांच्या मते पौलाच्या विचारातील नवेपणा ‘देणगी’ या कल्पनेत नाही. पात्रता न पाहता दिलेली देणगी, या कल्पनेत आहे. घेणाऱ्याने तिला कसलाच प्रतिसाद देऊ नये, असे मात्र पौल कोठेही म्हणत नाही, हेही ते आवर्जून सांगतात.

आता पौलाकडे वळू. हा तार्स नगरीचा यहूदी, परुशी पंथाचा. ख्रिस्ती मंडळीचा त्याने आरंभी छळ केला होता. नियमशास्त्राच्या ओझ्याखाली तो दबून गेला होता आणि म्हणून त्याने धर्म बदलला, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. परंतु फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तो स्वतःविषयी अगदी उलट सांगतो : नियमशास्त्राच्या कसोटीवर आपण निर्दोष होतो. त्याच्या जीवनातील पेच निराळा होता. येशू हाच मशीहा, अशी त्याची खात्री पटली. त्याने यहूदीतर लोकांत प्रचार आरंभिला. ते लोक मोठ्या संख्येने येऊ लागले. या लोकांनी सुंता करून, भक्ष्याभक्ष्याचे नियम पत्करून प्रथम यहूदी व्हावे काय?

हा प्रश्न अंत्युखिया येथे पेटला. रोमन साम्राज्यातील हे मोठे नगर (आजच्या तुर्कस्तानातील अंताक्या, फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात त्याची अपरिमित हानी झाली). तेथील मंडळीत यहूदी आणि यहूदीतर एकत्र जेवत असत. येशूचा ज्येष्ठ शिष्य पेत्र हाही त्या पंक्तीत बसत असे. पुढे यरुशलेमहून, येशूचा भाऊ याकोब याच्याकडची काही माणसे आली. तेव्हा पेत्र हळूहळू मागे सरला आणि वेगळा जेवू लागला. त्याचे पाहून इतर यहूदी शिष्यही वेगळे झाले. पौलाचा सहकारी बर्णबा, ज्याने यहूदीतरांत त्याच्यासह काम केले होते, तोदेखील त्यांच्यात गेला. पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष जाब विचारला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग आला आहे आणि मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नीतिमान ठरत नाही, हा पुढे जगप्रसिद्ध झालेला सिद्धान्त याच प्रसंगाला लागून येतो.

महाराष्ट्रातील वाचकाला पंक्तिभेद म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. जो कालपर्यंत शेजारी बसून जेवत होता तो आज पान उचलून दुसरीकडे गेला, तर त्याने तोंडाने काही न बोलताही जे सांगायचे ते सांगितलेले असते. तरीही येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. यहूदी खाद्यनियम आणि आपल्याकडील अस्पृश्यता या एक गोष्टी नव्हेत. यहूदी हे त्या साम्राज्यात जिंकले गेलेले अल्पसंख्य लोक होते आणि खाद्यनियम, सुंता, शब्बाथ ही त्यांची ओळख टिकविण्याची साधने होती. अंतियोखस चौथा याने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात त्यांवर बंदी आणली तेव्हा अनेकांनी त्यांसाठी प्राण दिले होते. पेत्राचे वर्तन म्हणूनच आम्हांस केवळ भ्याडपणाचे वाटत नाही. मात्र त्याच्या उठून जाण्याने यहूदीतर बांधवांना पोहोचलेला संदेश एकच होता : तुम्ही आहात तसे पुरेसे नाही. पौलाच्या दृष्टीने कृपेचा अर्थ येथेच पणास लागला होता. देवाने ज्यांना अटीविना पत्करले त्यांच्यासमोर मनुष्याने अट ठेवावी, हे त्याला मान्य होण्यासारखे नव्हते.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो आपला युक्तिवाद इतिहासक्रमावर उभा करतो. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याचे नीतिमत्त्व गणले गेले, ही गोष्ट ‘उत्पत्ती’ ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायातील. सुंतेची आज्ञा सतराव्या अध्यायातील (हा विशिष्ट क्रम तो रोमकरांस लिहिलेल्या पत्रात अधिक स्पष्ट करतो). आणि नियमशास्त्र तर वचनानंतर ४३० वर्षांनी आले. मग जे नंतर आले ते आधीच्या वचनाला रद्द कसे करील? नियमशास्त्राची भूमिका तो एका रूपकाने सांगतो. ग्रीक घरांतून मुलाला शाळेत नेणारा, त्याच्यावर नजर ठेवणारा एक गुलाम असे. त्याला ‘पायदागोगोस’ म्हणत. तो शिक्षक नव्हे आणि शत्रूही नव्हे. मूल वयात आले की त्याचे काम संपते. यानंतर पौल यहूदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हे भेद ख्रिस्ताच्या ठायी उरत नाहीत असे सांगतो. हा उद्गार पुष्कळदा संदर्भातून उचलून उद्धृत केला जातो. परंतु तो सुटा सुविचार नसून अंत्युखियाच्या पंक्तीचे दिलेले उत्तर आहे.

कृपा अटीविना असेल तर मनुष्याने सदाचरण तरी का करावे, हा आक्षेप पौलाच्या हयातीतच घेतला गेला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच हा प्रश्न उपस्थित करून जोरदार नकार देतो. त्याच पत्रात नियमशास्त्र पवित्र आहे, विश्वासामुळे ते रद्द होत नाही, आणि शेजाऱ्यावरील प्रेमात ते पूर्ण होते, असेही म्हटले आहे. याकोबाच्या नावाने असलेल्या पत्रात मात्र कर्माविना विश्वास निर्जीव आहे असे ठासून सांगितले असून, गंमत अशी की पुरावा तोच, अब्राहामाचा, दिला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू आपण नियमशास्त्र मोडण्यास आलो नाही असे सांगतो, आणि त्याच शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखलाही येतो. भल्या पहाटे लागलेल्या आणि दिवस मावळताना तासभर राबलेल्या मजुरांना मालक सारखीच रोजंदारी देतो. सकाळपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. नाक्यावर कामाच्या प्रतीक्षेत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाजूने हा दाखला वाचला म्हणजे ध्यानात येते, की संध्याकाळपर्यंत कोणी न बोलावलेल्या मजुराच्या घरीही तितकीच तोंडे खाणारी असतात. बायबलमध्ये हे सगळे आवाज एकत्र आहेत. दुसऱ्या शतकात मार्सियन याने यहूदी ग्रंथच टाकून द्यावेत असे सुचविले, तेव्हा मंडळीने त्याला बहिष्कृत केले.

पाचव्या शतकात वादाचे रंगस्थळ बदलले. आता मंडळीत यहूदी जवळजवळ उरले नव्हते, त्यामुळे पंक्तीचा प्रश्न कालबाह्य झाला होता. पौलाची पत्रे मात्र वाचली जात होती. आणि वाचणाऱ्याला त्यांत आपल्याच मनाचे प्रतिबिंब दिसू लागले. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) याला आपल्या इच्छाशक्तीच्या दुबळेपणाचा तीव्र अनुभव होता. देव जे मागतो ते करण्याचे बळही त्यानेच द्यावे, अशा आशयाची त्याची प्रार्थना ऐकून ब्रिटनहून रोमला आलेला पेलागियस हा तपस्वी अस्वस्थ झाला. देवाने आज्ञा केली याचाच अर्थ ती पाळण्याची क्षमता मनुष्यात आहे. अन्यथा आज्ञा करणेच अन्यायाचे ठरेल, हे त्याचे म्हणणे. कार्थेजच्या परिषदेने ४१८ साली त्याचे मत पाखंड ठरविले. स्वप्रयत्नाला महत्त्व देणाऱ्या वाचकाची सहानुभूती पेलागियसकडे जाणे स्वाभाविक आहे, आणि त्याची चिंता नैतिक होती यात शंका नाही. परंतु त्याच्या मार्गात अडखळणाऱ्या माणसासाठी फारशी जागा नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. ऑगस्टीनने ती जागा केली. पण त्यासाठी कोणाचा उद्धार व्हावा हे देवाने पूर्वीच ठरविलेले आहे, या कठोर निष्कर्षापर्यंत त्याला जावे लागले.

मार्टिन लूथर (१४८३-१५४६) हा ऑगस्टीनच्याच नावाने चालणाऱ्या संघातील भिक्षू. उपवास, जागरणे, वारंवार पापकबुली इतके करूनही आपण देवाला पसंत पडलो आहोत अशी खात्री त्याला होईना. ‘देवाचे नीतिमत्त्व’ हा शब्दप्रयोग त्याला धाक घालीत असे, कारण पाप्याला दंड करणारा न्याय असा त्याचा अर्थ तो करीत होता. हे नीतिमत्त्व देव मनुष्याला देऊ करतो, मागत नाही, असा अर्थ त्याला रोमकरांस पत्रात उमगला आणि त्याच्या मनावरचे ओझे उतरले. १५१७ साली पापदंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध त्याने प्रसिद्ध केलेल्या ९५ प्रमेयांची कथा सर्वश्रुत आहे. नियमशास्त्राची दोन कार्ये तो मानी : समाजात दुष्कृत्यांना आळा घालणे, आणि मनुष्याला त्याच्या असमर्थतेची जाणीव करून देणे. याकोबाच्या पत्राची त्याने गवताच्या काडीशी तुलना केली, यावरून त्याचा कल दिसतो. मात्र त्याचाच सहकारी योहान आग्रिकोला जेव्हा म्हणू लागला की ख्रिस्ती माणसाला नियमशास्त्राचा उपदेश करण्याचे कारणच नाही, तेव्हा १५३७ पासून लूथरनेच त्याच्याविरुद्ध वाद मांडले. काल्व्हिनने तिसरे कार्य मानले आणि तेच प्रमुख ठरविले : विश्वासणाऱ्याला मार्ग दाखविणे. हा अर्थ ‘तोरा’च्या मूळ अर्थाच्या बराच जवळ जातो, हे सहज जाता जाता सांगावेसे वाटते. रोमन कॅथलिक मंडळीने ट्रेंट येथील परिषदेत १५४७ साली उत्तर दिले; आरंभ कृपेचाच, परंतु मनुष्य तिच्याशी सहकार्य करतो, असे त्याचे सार होते.

बौद्ध परंपरेतही या वादाशी साधर्म्य असणारे एक प्रकरण आहे. जपानमधील शिनरान (११७३-१२६३) याच्या सुखावती पंथात साधकाचा भरवसा ‘तारिकी’वर, म्हणजे अमिताभाच्या परबळावर असतो, ‘जिरिकी’, स्वबळ, तेथे अपुरे मानले जाते. विसाव्या शतकातील प्रोटेस्टंट विचारवंत कार्ल बार्थ याने आपल्या मुख्य ग्रंथात या साम्याची दखल घेतली होती. आम्हांस अधिक बोधप्रद वाटते ते दुसरेच. शिनरानच्या काही अनुयायांनीही असा अर्थ काढला की दुष्कृत्ये करण्यास आता हरकत नाही. आणि उतारा जवळ आहे म्हणून विष आवडीने घेऊ नये, असे त्यालाही पत्रांतून बजवावे लागले. कर्मविपाकाचा नियम आणि तोरा यांची मात्र सरसकट बरोबरी करता येत नाही. पहिल्याला कोणी दाता नाही, दुसरा हा दोन पक्षांमधील करार आहे.

लूथरच्या वाचनाचा एक परिणाम फार गंभीर होता. पौल विरुद्ध यहूदी या जागी लूथर विरुद्ध पोप असे चित्र बसले, आणि मग उलट दिशेने, मध्ययुगीन मंडळीचे सर्व दोष पहिल्या शतकातील यहूदी धर्माला चिकटविले गेले. पुण्याचा हिशेब ठेवणारा, दांभिक, कोरडा धर्म ही यहूदी धर्माची प्रतिमा अशी तयार झाली. स्वतः लूथरने १५४३ साली यहूद्यांविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकात त्यांची प्रार्थनामंदिरे जाळावीत असे सुचविले. नाझी प्रचारकांनी त्या पुस्तकाचा पुढे उपयोग केला. अमेरिकेतील प्रमुख लूथरन मंडळीने १९९४ साली या लिखाणाचा जाहीर निषेध करून ते नाकारले. ज्या विचाराचा उगम एकत्र जेवण्याच्या आग्रहात होता तो विचार शेजाऱ्याला हाकलून देण्याच्या कामी यावा, यापरता विपर्यास कोणता?

विद्वानांनी या वाचनाची फेरतपासणी १९६० नंतर गांभीर्याने आरंभिली. स्वीडिश अभ्यासक क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९६३ साली असे मांडले की, टोचणाऱ्या अंतःकरणाचा प्रश्न पौलाचा नसून पाश्चात्त्य जगाचा आहे. इ. पी. सँडर्स यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात तत्कालीन यहूदी साहित्य विस्ताराने तपासून दाखविले की, तेथेही करारात प्रवेश देवाच्या कृपेनेच मिळतो; आज्ञापालन हे त्या करारात राहण्यासाठी असते. जेम्स डन यांनी १९८० च्या दशकात ‘नियमशास्त्रातील कर्मे’ म्हणजे प्रामुख्याने सुंता, खाद्यनियम आणि शब्बाथ ही समाजाच्या सीमा आखणारी चिन्हे, असा अर्थ सुचविला. मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या एका हस्तलिखितात याच अर्थाचा हिब्रू शब्दप्रयोग आढळतो; ते १९९४ साली अधिकृत संग्रहात प्रसिद्ध झाले. या मतावर आक्षेपही पुष्कळ आहेत. रोमकरांस पत्रात पौल मनुष्यमात्राच्या पापाविषयी बोलतो, तेथे केवळ सामाजिक सीमांचा अर्थ पुरत नाही, हा आक्षेप आम्हांस सबळ वाटतो. तथापि वादाचा आरंभ कोठे झाला, एवढ्यापुरते बोलावयाचे तर नवे अभ्यासकच मूळ ग्रंथाला अधिक धरून आहेत.

कृपेच्या नावाखाली आचरणाकडे डोळेझाक होते, ही तक्रार बाहेरच्यांनीच केली असे नाही. जर्मन पाद्री डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ साली आपल्या मंडळीवर सवंग कृपा वाटल्याचा आरोप केला : पश्चात्तापावाचून क्षमा, अनुसरणावाचून आश्वासन. ते स्वतः हिटलरविरोधी कटात सामील झाले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग येथे त्यांना फाशी देण्यात आले.

भारतातही अंत्युखियाचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहिला. दक्षिणेतील काही मंडळ्यांत सवर्ण आणि अस्पृश्य ख्रिस्ती उपासनेस वेगळे बसत आणि प्रभुभोजनही वेगवेगळे घेत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली पत्र काढून हा भेद तत्काळ मोडण्याचा आदेश दिला. तंजावर आणि मद्रासकडील कित्येक सवर्ण ख्रिस्ती त्यावर मंडळी सोडून गेले. जात हा केवळ सामाजिक शिष्टाचार आहे, त्याचा श्रद्धेशी संबंध नाही, असे म्हणणारे धर्मोपदेशकही होते. पेत्राच्या बाजूने अंत्युखियात बहुधा असेच काही सांगितले गेले असेल, असे आम्हांस वाटते. फरक इतकाच की तेथे वेगळे होणारे लोक दुर्बळ समाजाचे होते, आणि येथे सबळ.

लूथरन जागतिक संघ आणि रोमन कॅथलिक मंडळी यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे एका संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. मनुष्य स्वतःच्या पुण्याईने नव्हे, तर कृपेनेच देवाला मान्य होतो आणि त्या कृपेतून सत्कर्मे निघतात, यावर दोन्ही पक्षांचे मूलभूत एकमत असल्याचे त्यात नमूद आहे. सोळाव्या शतकातील परस्परांवरील धिक्कार या शिकवणुकीला लागू होत नाहीत असेही त्यात म्हटले आहे. पुढे २००६ साली मेथडिस्ट आणि २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्या या घोषणेत सामील झाल्या. परंतु पौरोहित्य आणि मंडळीचे स्वरूप यांविषयीचे मतभेद न मिटल्यामुळे लूथरन आणि कॅथलिक आजही अधिकृतपणे एका मेजावर प्रभुभोजन घेऊ शकत नाहीत. स्वीडनमधील लुंड येथे ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी पोप फ्रान्सिस आणि लूथरन संघाचे अध्यक्ष मुनिब युनान यांनी काढलेल्या निवेदनात याच वियोगाचा उल्लेख आहे. विशेषतः पतिपत्नींपैकी एक कॅथलिक आणि एक लूथरन असलेल्या घरांचा, जेथे जेवण रोज एकत्र होते आणि रविवारी होत नाही.